वाळवीने खाल्लेली गोष्ट

मित्रांनो, मी पुस्तकांचे एक जुने कपाट आहे. समोरून पाहाल, तर अजून ठणठणीत दिसते. म्हणूनच माझी कहाणी तुम्हाला सांगावीशी वाटते.

एका सुताराने मला आपल्या लेकीसाठी बनवले. ती आजाराने अंथरुणाला खिळली होती आणि पुस्तकांशिवाय तिला दुसरा विरंगुळा नव्हता. इतर कामांतून उरलेले सागवान त्याने माझ्या चौकटीला आणि फळ्यांना वापरले, दारांना काचा बसवल्या. पाठीला मात्र सागवान पुरले नाही. तेथे त्याने हलकी फळी ठोकली आणि स्वतःशीच म्हणाला, "भिंतीकडची बाजू. कोण बघतंय?"

मुलगी बरी झाली. शनिवारी शाळा लवकर सुटली, की तिच्या दोन मैत्रिणी येऊ लागल्या. सुताराची लेक वडिलांच्या लाकडी ठोकळ्यावर बसून वाचायची, म्हणून त्या तिला ठोकळी म्हणत. गुबगुबीत, सदा खिदळणारी ती बटाटी. आणि तिसरी चिमणी. अंगाने एवढीशी, पण आवाज खणखणीत. मोठ्याने वाचून दाखवायचे ते तिनेच. त्यांची लाडकी गोष्ट दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची होती. तिचा बाप वादळात होडी घेऊन जातो आणि ती एकटी दिवा तेवत ठेवते. चिमणी तोंडाने वादळाचा असा आवाज काढायची, की बटाटी माझ्या उघड्या दारामागे लपायची.

"बुडाला का गं तो? सांग ना!"

"गप बस, नाहीतर वाचणारच नाही!"

त्याहून सुखाचे दिवस मी पाहिले नाहीत.

पुढे तिघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. चिमणी शाळेत शिक्षिका झाली. बटाटीने लाँड्री काढली. ठोकळी औषधांच्या दुकानात कामाला लागली. वडील गेल्यावर तिने मला कुलूप लावले. "एकदा निवांत भेटू या गं," असे तिघी फोनवर म्हणत आणि फोन ठेवून देत.

माझ्यामागच्या भिंतीला ओल आली. त्या ओलीतून वाळवी चढली. सागवानाला तिने तोंड लावले नाही. पाठीची हलकी फळी खाल्ली आणि पुस्तकांत शिरली. पाने कुरतडल्याचा बारीक आवाज मी ऐकत होते. सांगणार कोणाला? ठोकळी माझ्या काचा अगदी लख्ख पुसायची. काचेतून पुस्तकांच्या पाठी जशाच्या तशा दिसत. पाहुणे म्हणत, "वा! काय जपलंय तुम्ही!" ती स्तुती ऐकताना माझ्या आत माती साचत होती.

मग एके दिवशी चिमणीचा फोन आला. तिच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन होते आणि डॉक्टर तिची स्वरपेटीच काढणार होते.

"शनिवार-रविवार तुझ्याकडे येते," ती म्हणाली. "बटाटीलाही बोलाव. आपली ती दीपगृहाची गोष्ट मला एकदा मोठ्यानं वाचायचीय. नंतर जमायचं नाही."

त्या आल्या. जमिनीवर गाद्या टाकल्या, चहा झाला. शाळेतल्या खोड्या आठवून तिघी पोट धरून हसल्या. चिमणीचा आवाज घोगरा झाला होता, पण ती खुशीत होती. "चला, काढा आता पुस्तक," तिने फर्मान सोडले.

ठोकळीने कुलूप उघडले. ते पुस्तक ओढले, तर नुसता पुठ्ठा हातात आला आणि मातीचा ढीग पायांवर पडला. तिने शेजारचे ओढले. तेही तसेच.

मग चिमणी कडाडली, "एवढं एक सांभाळता आलं नाही तुला?"

"बाबा गेल्यापासून उघडलंच नाही गं. बाहेरून तर सगळं नीट दिसत होतं."

"बाहेरून मीसुद्धा नीटच दिसते!"

ठोकळी मातीतच बसली आणि रडू लागली. बटाटीने केरसुणी आणली. माती गोळा करता करता ती म्हणाली, "चिमणे, पुस्तकाला काय करायचंय? तुला तोंडपाठ होती ना? चल, सांग."

चिमणी कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग उठली आणि सांगू लागली. शनिवारी गोष्टीतले वादळ सुरू झाले. रविवारी मुलीच्या दिव्यातले तेल संपत आले. तेवढ्यात चिमणीचा घसा बसला.

"शेवट मला आठवतोय," बटाटी म्हणाली. "बाप परत येतो."

"नाही गं, फक्त होडी येते," ठोकळी म्हणाली.

चिमणीने दोघींना हातानेच थांबवले. "सकाळी सांगते," ती कशीबशी कुजबुजली.

सकाळी तिला शब्द फुटला नाही. ओठ हलले, आवाज उमटला नाही. दोघी तिला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या.

ऑपरेशननंतर ती एकदाच येथे आली. गळ्याला रुमाल बांधला होता. तिने माझ्या रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवला, ठोकळीच्या खांद्यावर डोके टेकले आणि तशीच बसून राहिली. काही महिन्यांनी ठोकळी आणि बटाटी चिमणीला शेवटचा निरोप देऊन घरात शिरल्या आणि अंधार पडेपर्यंत माझ्यासमोर बसल्या. गाठ पसरली होती.

परवा एक सुतार मला पाहून गेला. चौकट टकटक वाजवून म्हणाला, "अजून खूप वर्षं टिकेल हे. नवी पाठ बसवून देऊ का?"

ठोकळी म्हणाली, "ठेवायचं काय त्यात?"

मित्रांनो, मला कोणाला दोष द्यायचा नाही. पण तुमच्या घरात एखादे बंद कपाट असेल, तर आजच उघडा. नुसत्या काचा पुसू नका. पुस्तके बाहेर काढा, उन्हात ठेवा, पाने उलटून पाहा. आणि ती ज्यांच्यासोबत वाचली, त्यांना या शनिवारीच घरी बोलवा. नीट दिसणाऱ्या माणसालाही आतून काय लागले आहे, हे दाराबाहेरून कळत नाही.