थांगचा दुसरा व्हिडिओ

"दुसऱ्याच्या घरचा श्राद्ध फेसबुकार टाकूक तुका सांगितलेला कोणी?" बाबा ओरडले आणि चहाचा ग्लास त्यांनी गाडीच्या बॉनेटवर आपटला.

"तो काय बोलतोय ते मला काय माहीत? मला त्याची भाषा येते का?"

"नाय येता, मगे टाकलंस कशाक मेल्या?"

मी अजून मोठ्यानं ओरडलो. ज्याच्यावरून भांडण चाललं होतं तो थांग बाजूलाच बसून मडगार्डला पाणी मारून पॉलिशपेपर घासत होता. मान वर केली नाही त्यानं.

बाबा कुवेतला, शुवैखच्या या गॅरेजमध्ये फोरमन आहेत. मी अकरावीत शाळा सोडली, आता स्प्रे मारायच्या आधी काचांना टेप लावतो. थांग पेंटर. व्हिएतनामचा. नऊ वर्षं झाली इथं. वरच्या माळ्यावर एकटा राहतो. आमचा हेल्पर मुबीन त्याला 'ए चायना' म्हणतो, तर हा हसतो आणि त्याच्या चहात साखर जास्त घालतो. नऊ वर्षांत त्यानं घरचं काही सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या बापाची तिथी होती. त्यांच्यात फोटो मांडतात, पुढं भात, उकडलेली कोंबडी, पेटवलेली सिगारेट ठेवतात आणि मेलेल्या माणसाला वर्षभराच्या घरच्या बातम्या सांगतात. बाबांना हे लगेच पटलं. त्यांनी घरून वडे नेले. "श्राद्धाक कोंबडी? माझ्या बापाशीक असा वाढला असता तर तो परत इलो असतो!" म्हणाले. थांग पण हसला.

मग फोटोसमोर बसून तो बोलायला लागला. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस अकरा मिनिटं बोलला. मध्येच आवाज फाटला. मी शूट केलं, मस्त दिसत होतं. 'व्हिएतनामी श्राद्ध, शुवैख स्टाइल' लिहून टाकलं. दोन दिवसांत तीन लाख लोकांनी बघितलं. कमेंट सगळ्या त्यांच्या भाषेत. मी प्रत्येकीला हार्ट दिलं. खाली ट्रान्सलेटचं बटण होतं, ते दाबलं नाही.

परवा बुधवारी त्याच्या आईचा फोन आला, मग त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं, तेव्हा कळलं.

थांगची धाकटी बहीण लान गावात शिक्षिका होती. गावातली जमीन सरकारनं घेतली, त्याबद्दल तिनं फेसबुकवर लिहिलं. त्यांच्याकडे पार्टी एकच. पार्टीच्या विरोधात लिहिलं म्हणून तिला पाच वर्षं तुरुंग. थांग बापाला तेच सांगत होता, की लानला पकडलं, तिनं खरंच लिहिलं होतं, मी घाबरलो आणि गप्प बसलो.

माझा व्हिडिओ बघून गावचा पार्टीचा माणूस त्यांच्या घरी जाऊन आला. आईला महिन्यातून एकदा तुरुंगात मुलीला भेटायला सोडायचे, ते बंद. थांगनं दुसरा व्हिडिओ टाकायचा, की बहीण चुकली, मी चुकलो, पार्टीचे आभार. मग भेट चालू.

मी माळ्यावर गेलो. "मत बोल," म्हटलं. "इधर आके वो तेरा क्या करेगा?"

"मेरा कुछ नहीं. मेरा अम्मा."

"तो फिर उस दिन बोला क्यों इतना?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं.

"बाबा मर गया ना. मरा हुआ आदमी को बोलने का, पोलीस नहीं आता." मग म्हणाला, "पहला तुम लिया, ये भी तुम लो. तुम्हारा मोबाईल अच्छा है."

शिवी दिली असती, कानाखाली मारली असती तर मी पण काहीतरी केलं असतं. तो नुसता शर्टाला इस्त्री करायला लागला.

आज शुक्रवार, गॅरेज बंद. सकाळी व्हिडिओ काढला. थिनरनं हात धुऊन पण नखांतला रंग गेला नव्हता, म्हणून त्यानं हात मागं बांधले. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात त्याचा कागद, असा मी उभा. तो वाचत होता. मला या वेळी पण काही कळलं नाही, फक्त 'लान' कळलं. तिथं तो थांबला. तीनदा थांबला. चौथ्यांदा पुढं गेला.

"ठीक?" त्यानं विचारलं.

"ठीक," मी म्हटलं.

माझा पहिला व्हिडिओ मी बुधवारीच काढून टाकला होता. पण लोकांनी तो उतरवून घेतलाय, कुठं कुठं फिरतोय.

दुपारी त्याच्या गावाहून पार्टीच्या माणसाचं उत्तर आलं. चालणार नाही. कागद बघून वाचतोय ते दिसतं. पाठ करून बोल, आणि चेहरा चांगला ठेव.

तेव्हापासून तो बंद गाड्यांच्या मधून फेऱ्या मारत पाठ करतोय. बहिणीच्या विरोधातली ती आठ वाक्यं, शाळेतल्या पोरासारखी, ओठ हलवत. मी इकडं ऑफिसात बसून हे लिहितोय, कारण बाहेर बसवत नाही. मुबीन आला होता, त्यानं एकदा पण चायना म्हटलं नाही.

आत्ता बाबा दारात येऊन गेले. ओरडले नाहीत.

"पाठ झाला त्याचा," म्हणाले. "मोबाईल हलवू नको. त्याका परत बोलूक लागता कामा नये."

जातो. तो थांबलाय.