खुंटीवरची माळ

पितांबर आबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओट्यावर, पुरुष बैलगाडीच्या आजूबाजूला, आणि ज्यांना खाली जागा मिळाली नाही ते शेजारच्या घराच्या मातीच्या धाब्यावर चढलेले. मधोमध खाटेवर आबांची सून लताबाई बसली होती. सहा महिन्यांची गरोदर, डोळे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. गळ्यात कसल्याशा झाडाच्या कांड्यांची माळ. नऊ दिवसांपूर्वी ती गळ्यालगत होती, आता छातीच्या खाली उतरली होती. लोक त्या माळेकडे बघून हात जोडत होते. लताबाईच्या डोळ्यांकडे कुणी बघत नव्हतं.

मी तेव्हा भडगावच्या अलीकडे, गिरणाकाठच्या त्या गावात सरकारी आरोग्य सेवक होतो. साल अठ्ठ्याऐंशी. गरोदर बाईची कावीळ म्हणजे काय, हे मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी आबांना म्हणालो होतो, "आबा, आजच धुळ्याला न्या, तिथे मोठा दवाखाना आहे." आबा म्हणाले, "भाऊ, महाराजनी सांगेल शे, माळ बेंबीलगून येस तवलोंग गिरणा वलांडानी नही."

हा भाईदास महाराज. कपाळाला भस्म, पायात नवेकोरे बूट. त्याचे नियम तीन. माळेला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. नदी ओलांडायची नाही. अंगात सुई टोचून घ्यायची नाही, कारण लोखंड रक्तात गेलं की माळ मरते. तिन्ही नियम मिळून अर्थ एकच होता, दवाखान्यात जायचं नाही.

आणि गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारा मी आजवर पाहिला नाही. हे मला मान्य करावंच लागतं. तो कधी "माझं औषध घ्या" म्हणायचा नाही. आवाज खाली आणून म्हणायचा, "तापीच्या पलीकडे एक गाव. गावात एक लेक. लग्नाला वर्ष झालेलं. डागदरनं हात टेकले. तिरडी बांधली. आणि माझा गुरू दारात उभा राहिला." मग गुरूनं वेल तोडला, माळ घातली, माळ पायापर्यंत उतरली, आणि पोरगी उठून बसली नि कळण्याची भाकर मागू लागली. भाकरीशी आल्यावर बायका हमखास डोळे पुसायच्या. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही डोळे पुसले होते.

मग तीच गोष्ट मी दुसऱ्या गावात ऐकली. तिथे रोगी तरणा मुलगा होता, म्हणून तिरडीवर मुलगा निघाला. आमच्या गावात ती लेक सहा महिन्यांची गरोदर निघाली, तिच्या दारात लिंबाचं झाड होतं आणि सासरा माळकरी होता. आबा माळकरी, आबांच्या दारात लिंब. बुवा आदल्या दिवशी येऊन घर बघून जायचा आणि तिरडीवरच्या पोरीला त्या घराच्या मापाचं नवं लुगडं नेसवायचा. याची किळस आली नाही तर कशाची यावी?

मग मी त्याच्याकडे रोगी होऊन गेलो. अंगाने मी ठणठणीत. त्याने माझी पापणी ओढून पाहिली आणि सांगितलं, "आतली कावीळ आहे. भारी जुनी." माळ मिळाली. घरी येऊन ती मी गळ्यातून काढली, खुंटीला टांगली आणि भिंतीवर माळेच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारली. हे सगळं लताबाईच्या गळ्यात माळ पडली त्याच दिवशी. नऊ दिवसांत माझी खुंटीही वीतभर 'बरी' झाली.

म्हणून आज मी ती माळ घेऊन अंगणात आलो होतो. सगळ्यांसमोर वर धरली. "ही नऊ दिवस खुंटीला होती. खुंटीला कावीळ होते का? कांड्या ओल्या असताना बांधतात. वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात, दडवलेला दोरा बाहेर येतो. एवढंच आहे हे."

मला वाटलं, आता लोक बुवाच्या अंगावर जातील. बुवा नुसता हसला.

"भाऊ सरकारी माणूस," तो म्हणाला. "त्याच्या घराची भिंत कुठं उभी आहे, म्हाताऱ्यांना विचारा. तिथं पूर्वी एक बाळंतीण गेली. कावीळनंच गेली. बिचारी अजून भिंतीत आहे. माळ तिची कावीळ उतरवती."

आणि अंगणभर माना हलल्या. धाब्यावरच्या एकाने तर त्या बाळंतिणीचं माहेरसुद्धा सांगितलं. माझ्याकडे रेघ होती, त्याच्याकडे बाळंतीण होती. मी हरलो होतो, आणि लताबाईला आता मान सरळ धरवत नव्हती.

तेवढ्यात फाटकाजवळून तानुबाई पुढे आली. आबांच्या केळीत निंदणी-कापणीला येणारी, साठीची, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आबा, मी शिकेल नही," ती म्हणाली. "मी मनी गोट सांगस. मनी कुंदीले कावीळ व्हयेल व्हती. पाच वरीस व्हई गयात. ह्याच महाराजनी माळ घाली. मी रोज बोटवरी मोजू. माळ खाले उतरे, नि पोर आखो पिवळी व्हये. माळ बेंबीलगून उनी, त्याच दिन कुंदी गयी."

"बाई, तू माळेला हात लावला होतास," महाराज म्हणाला.

"हां. तवय बी तुम्ही हाईच सांगं. पाच वरीस मी हाईच धरीसन बठनी, का मीच पोरले मारं." तिचा आवाज चढला नाही. "पन ती माळ मी चितामा टाकी नही. खुंटीले टांगी. दहाव्वाना दिन पाही, तं वीतभर आखो लांबेल. पोर तं गयेल व्हती, आबा. मंग ती माळ कोनी कावीळ उतारी राहिनती?"

तानुबाई ओट्यावरच्या बायकांकडे वळली.

"तुम्ही बठ्ठ्या जनी चारा कापतस. हिरवी पेंढी कितलीबी घट बांधा, वाळनी का बंद ढिला पडस. त्याले कोनी मंतर म्हनस का?"

मी जे सांगितलं तेच तिने सांगितलं होतं. पण माझ्या बोलण्यात कुणी मेलेलं नव्हतं. आणि पेंढीचा बंद त्या अंगणातल्या प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक होता. रोज हातातून जाणारी ती गोष्ट त्यांना नऊ दिवस दिसली नाही, कारण समोर तिरडी उभी करून ठेवली होती.

महाराजाने आवाज खाली आणला. "भडगावच्या पलीकडे एक गाव..."

"आते चूप बठा," आबा म्हणाले.

उठली ती आबांची बायको, बेबाबाई. नऊ दिवस सुनेला लांबूनच भाकर देणारी. तिने सरळ दोन्ही हात माळेला लावले, लताबाईच्या डोक्यावरून ती काढली आणि माझ्या हातात दिली. मी कात्रीने एक गाठ कापली. वाळक्या कांडीभोवती दोऱ्याचे तीन सैल वेढे होते. अशा शंभरावर गाठी, प्रत्येकीतून गव्हाच्या दाण्याएवढा दोरा निसटलेला. लोक ती कांडी एकमेकांच्या हातात देत होते तोवर भाईदास मागच्या गल्लीतून निघून गेला. कुणी त्याला अडवलं नाही, याची चीड मला अजून आहे.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. गिरणा ओलांडताना तानुबाईने लताबाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

लताबाई वाचली. तीन आठवड्यांनी चालत घरी आली. बाळ वाचलं नाही. धुळ्याला दाखल करतानाच डॉक्टरांनी विचारलं होतं, इतके दिवस काय करत होतात? आबा खाली बघत राहिले. मीही त्यांच्याशेजारी उभा होतो. नऊ दिवस मी खुंटीवरची माळ मोजत होतो.

नंतर मी गावोगाव ती माळ घेऊन हिंडलो. पण आता आधी पेन्सिलच्या रेघेचं सांगत नाही. आधी कुंदीचं सांगतो. तानुबाईने तशी परवानगी दिली आहे. मग ओल्या कांड्यांची ताजी माळ लोकांच्याच हातात देतो आणि घरी नेऊन खुंटीला टांगायला सांगतो.

माझं सांगणं इतकंच आहे. गोष्ट ऐकताना डोळे भरून आले म्हणून ती खरी ठरत नाही. माझीसुद्धा नाही. सांगणारा कुणीही असो, त्याची माळ आधी खुंटीला टांगून बघा, आणि ती खुंटीवर असेपर्यंत रोग्याला दवाखान्यात न्या.