जुळ्यांची वाटणी

शेळ्यांच्या मचाणाचा पहिला खांब तुटला तेव्हा लखपतिया काकी वर शेळ्यांतच होती. खाली माझे थोरले दीर भगौती ऊसतोडीचा कोयता चालवत होते.

"उतर, चेटकिणी! नाहीतर शेळ्यांसकट पाडतो!"

"पाड की! तुझ्याच बापाने रोवून दिलेत हे खांब. मी विधवा बाई, मला कुठे रोवता येतात?"

तेव्हा आम्ही समुद्रापारच्या बेटावर, राकीराकी गावच्या डोंगराखाली राहत होतो. काकीचं घर कुंपणापलीकडे. आमची एक शेळी तिच्याकडे अर्धलीने होती. होतील ती करडं निम्मी तिची, निम्मी आमची. त्या वर्षी शेळीला जुळे बोकड झाले. दूध तुटल्यावर वाटणी झाली, तेव्हा दोघांत ओळखू येत नव्हतं कोण कुठला. आमच्या वाट्याचं करडू देताना काकीने रीतीप्रमाणे त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडात चिमूटभर तांदूळ घातले आणि म्हणाली, "जा बाबा, मोठा हो."

मग पाऊस बसला तो उठेचना. काकीचं करडू बांबूच्या मचाणावर कोरडं झोपायचं, दव वाळल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आमचं पत्र्याखाली चिखलात, आणि दिवस उजाडताच ओल्या गवतात. तिचं वाढून कुंपणावर पुढचे पाय टेकू लागलं. आमचं मांजराएवढंच राहिलं. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, पापणी उलटली तर आत पांढरीफटक. मी रोज त्याला मांडीवर घेऊन पेज पाजायची. सासूबाई म्हणायच्या, "हिला दुसरं पोर झालं बघा!"

पण घरात बोलणं एकच. हात फिरवला तेव्हाच काकीने आमच्या करडाची वाढ काढून घेतली आणि आपल्याला चढवली.

दुसरा खांब तुटला आणि मचाण कलंडलं. शेळ्या एकमेकींवर कोसळल्या, एकीचा पाय फांदीसारखा मोडला. काकी बांबूंखाली आली. उठली तेव्हा तिचा डावा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. मी धावले, तर भावजी ओरडले, "मागे हो, नाहीतर तुलाही कापीन!"

त्यांनी तिचं करडू शिंगाला धरून ओढलं आणि एका घावात मान उतरवली. "आमची वाढ होती याच्यात! आता देते का परत?" रक्त माझ्या पावलांवर आलं, ऊन ऊन.

काकी रडली नाही. मोडका हात छातीशी धरून म्हणाली, "माझं कापलंस. आता तुझं काप. मग दोन्ही पोटं उघड. कोणी काय खाल्लं ते सगळ्यांना दिसू दे."

गल्लीतली माणसं जमली होती, त्यामुळे भावजींना माघार घेता येईना. आमचं करडू मी उचलून घेतलं होतं, ते त्यांनी माझ्याच हातातून हिसकावलं. कापताना ते साधं ओरडलंही नाही. आधी काकीच्या करडाचं पोट फाडलं: आत चघळलेला पाला, स्वच्छ. मग आमच्याचं. रक्ताऐवजी गुलाबी पाणी निघालं. जठर उघडलं आणि आत लाल-पांढऱ्या पिळाचे, दोऱ्यासारखे जंत वळवळत होते, मूठभर, जिवंत.

कोणीतरी म्हणालं, "अरे देवा, याला तर आतूनच खात होते."

"हिनेच घातलेत!" भावजी किंचाळले. "त्या तांदळातून!" आणि कोयता काकीवर उगारला.

सासरे शेतातून धावत आले होते. त्यांनी तुटलेला खांब उचलला आणि भावजींच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोयता पडला, तरी सासरे थांबले नाहीत. पाठीत, मांडीवर, खांद्यावर मारत राहिले. "मी रोवलेला खांब तोडतोस? माझ्या हातचा?" शेवटी चौघांनी त्यांना धरलं.

काकी दोन मेलेल्या करडांपाशी बसली होती. म्हणाली, "वाटणी करा."

"काकी, आता कसली वाटणी?" मी म्हटलं.

"अर्धलीची. एक तुमचं, एक माझं. माझं मोठं होतं, ते माझ्याकडे दे. आणि सूनबाई, हात फिरवू नकोस त्याच्यावर."

मी तिचं करडू तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. एका हाताने तिने त्याची कातडी काढायला घेतली. मी पाय धरायला वाकले, तर तिने नुसतं माझ्या हातांकडे बघितलं. मी घरी आले.