कोमाद्रेची जबानी

कॅलिफोर्नियातल्या मॅकफार्लंडच्या शाळेच्या कचेरीत एर्लिंदा बावीस वर्षं नोकरीला होती, आणि त्यातली एकवीस वर्षं फाटकाजवळच्या काठीवर हवेचं निशाण चढवायचं काम तिचंच होतं. हवा बरी असली की हिरवं, धुरानं बिघडत गेली की पिवळं, मग नारिंगी. आणि लाल चढलं की मुलांनी मधल्या सुटीतही वर्गातच बसायचं. कुठलं निशाण लावायचं ते सकाळी फोनवर कळायचं. पण एर्लिंदा ते वहीतही टिपून ठेवायची. अशा चौदा वह्या तिच्या कपाटात होत्या. कुणी टिपायला सांगितलं नव्हतं. तिची नायेली लहान असताना दम्यानं ओठ निळे करून बसायची, तेव्हा लागलेली सवय ती. नवरा केव्हाच सोडून गेला होता. पोरगी, हायवेवरचे ट्रक आणि वह्या, एवढंच तिचं जग होतं. गावातल्या आयांना गोळा करून हवेबद्दल बोलायला लावलं तेही तिनंच. सभा असली की खुर्च्या मांडणारी ती आणि शेवटी बोलणारीही तीच.

त्या वर्षी केंद्र सरकारनं कॅलिफोर्नियाचा एक जुना हक्क काढून घेतला. ट्रक-गाड्यांच्या धुराचे नियम केंद्राहून कडक करायची राज्याला मुभा होती, ती गेली. राज्यानं कोर्टात धाव घेतली. पण कोर्टात नुसत्या आकड्यांवर भागत नाही. हे नियम गेले तर नेमकं कुणाचं काय बिघडतं ते शपथेवर सांगणारी माणसं लागतात. अशी माणसं शोधत राज्याची एक वकीलबाई आमच्या गावात आली. तालीन बेड्रोसियन तिचं नाव. मूळची फ्रेझ्नोची, स्पॅनिश आमच्यासारखंच बोलायची.

चर्चच्या हॉलमध्ये बारा बायका जमल्या. एर्लिंदा वह्यांची पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसली. तिनं वर्षवार सगळं सांगितलं: कुठल्या ऑक्टोबरात सलग किती दिवस लाल, बदामाच्या हंगामात काय होतं, ट्रक वाढले तेव्हा काय झालं. पाऊण तास बोलली. तालीनबाईंनी सगळं लिहून घेतलं.

दोमितिला मागं कॉफीच्या किटलीपाशी उभी होती. गोड पाव घेऊन ये म्हणून एर्लिंदानंच तिला बोलावलं होतं. दोमितिलाच्या इत्सेलला बाप्तिस्म्याच्या वेळी एर्लिंदानं हातात धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि आमच्याकडं हे नातं सख्ख्या बहिणीहून काकणभर जास्तच धरतात. दोमितिला संत्र्यांच्या पॅकिंगला जायची, सभेत कधी तोंड उघडायची नाही.

"तुम्हाला काही सांगायचंय?" तालीनबाईंनी तिला विचारलं.

"मी काय सांगू बाई," दोमितिला म्हणाली. "पोरीचा दम वाढला की मी तिचे श्वास मोजत बसते. शंभर झाले की परत एकपासून. शंभराच्या पुढं मोजायची भीती वाटते मला. का ते विचारू नका."

एवढंच बोलून ती कप गोळा करायला लागली.

पंधरा दिवसांनी दोमितिला धावत एर्लिंदाच्या दारात आली. हाताला मक्याचं पीठ तसंच होतं.

"अगं कोमाद्रे, त्या बाईचा फोन आला होता! माझं नाव घेतलंय म्हणे कोर्टासाठी. मी म्हटलं, बाई, तुमची काहीतरी गल्लत झालीय. बोलणारी ती दुसरी, वह्यावाली."

वह्यावाली! एर्लिंदानं ओठ ताणून हसल्यासारखं केलं.

"छान झालं की," ती म्हणाली. "आता नीट कपडे घालून जा म्हणजे झालं."

"तू येशील ना बरोबर?"

"मला कुणी बोलावलंय?"

संध्याकाळी तालीनबाईंचा तिलाही फोन आला. बाई चांगल्या बोलल्या. एवढ्या वर्षांचं काम, असं बरंच काही म्हणाल्या. पण ते आकडे राज्याच्या यंत्रांकडं आधीपासून होते. आणि कोर्ट विचारतं, आज कुणाला त्रास होतोय?

"तुमची नायेली आता कुठं असते?"

"पोर्टलंडला. नर्स आहे."

"तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," एर्लिंदा म्हणाली. "रोज सकाळी सहा मैल पळते."

"मग झालं तर!" तालीनबाई मनापासून म्हणाल्या. फोन ठेवल्यावर एर्लिंदाला ते शब्द थपडेसारखे लागले.

त्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं ते थांबेचना. रविवारी पाद्रीबाबांनी वेदीवरून दोमितिलाचं नाव घेतलं, सगळं चर्च मान वळवून तिच्याकडं बघायला लागलं. स्पॅनिश चॅनेलवाले येऊन तिचं अंगण दाखवून गेले. शाळेतली मुख्याध्यापिका, जिला एकवीस वर्षांत निशाणाच्या काठीवरल्या कप्पीला तेल घालायचं सुचलं नव्हतं, ती एर्लिंदालाच विचारू लागली, "तुमच्या त्या मैत्रिणीला मुलांशी बोलायला आणाल का?"

एर्लिंदानं आणलं. दारात उभी राहून ऐकलं. दोमितिला तेच शंभरापर्यंतचं सांगत होती, आणि मुलं श्वास रोखून ऐकत होती. माझ्या नायेलीनं यापेक्षा भयंकर दिवस काढलेत, एर्लिंदाच्या मनात आलं. तेव्हा कुठं होता तुमचा कॅमेरा?

एकदा ती दोमितिलाकडं गेली तर टेबलावर इत्सेलची बेकर्सफील्डच्या हॉस्पिटलची फाइल पडली होती. वकीलबाईंना पाठवायला काढलेली. चार बोटं जाड. एर्लिंदानं ती हातात घेऊन तोलली. नायेलीची फाइल कधीच हरवली होती. त्या काळी बिल येईल म्हणून ती हॉस्पिटलला जायचंच टाळायची, घरीच वाफारा द्यायची. अशी फाइल माझ्याकडं असती तर, ती म्हणाली मनाशी. आणि आपण आजारी लेकराच्या दुखण्याचा हेवा करतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं फाइल पटकन खाली ठेवली. पण हेवा काही खाली ठेवता आला नाही.

टेबलाशी दोमितिलाचा नवरा एलिओदोरो बीन्स खात बसला होता. तीस वर्षं त्यानं कांद्या-गाजरांचा ट्रक चालवला होता.

"बघा कोमाद्रे," तो म्हणाला, "साक्रामेंटोचं राज्य सरकार म्हणतं ट्रकला हे बसव, वॉशिंग्टन म्हणतं नको बसवू. दोन मालकिणींच्या घरातला कुत्रा झालाय ट्रकवाल्याचा. आणि आता माझीच बायको एकीच्या बाजूनं शपथ घेणार."

"जेव गपचूप," दोमितिला म्हणाली.

तो बोलला आणि एर्लिंदाला ती गोष्ट आठवली. किंवा आठवली असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. खरं तर ती आठवडाभर तिच्या डोक्यात घोळत होती.

एलिओदोरोच्या ट्रकला नियमाप्रमाणं धुराची जाळी होती. काजळी अडवायची. पण तिच्यामुळं टेहाचापीच्या घाटात ट्रक दमतो म्हणून त्यानं एका मेकॅनिककडून ती गुपचूप कापून काढली होती. पाच वर्षं तो ट्रक घराच्या खिडकीखाली उभा असायचा, पहाटे वीस-वीस मिनिटं काळा धूर ओकत. खिडकीच्या आत इत्सेल झोपलेली. तो ट्रक पुढं भंगारात गेला. ही गोष्ट दोमितिलानं एकदाच, रडत, फक्त एर्लिंदाला सांगितली होती.

बुधवारी जेवणाच्या सुटीत एर्लिंदानं शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन तालीनबाईंना फोन लावला.

"सांगू नये असं वाटत होतं," तिनं सुरुवात केली, "पण उद्या समोरच्या वकिलांनी शोधून काढलं तर राज्याचीच नाचक्की व्हायची." आणि सगळं सांगितलं. जाळी, मेकॅनिक, खिडकी. सांगताना तिला स्वतःचा आवाज फार जबाबदार, फार समजूतदार वाटत होता.

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"एर्लिंदाबाई," तालीनबाई म्हणाल्या, "हे तिच्या जबानीत आहे. नवव्या परिच्छेदात."

"काय?"

"मी फोन केल्यानंतरच्या पहिल्याच भेटीत सांगितलं तिनं. हे आधी लिहा म्हणाली. दुसऱ्याच्या धुराबद्दल बोलायचं आणि आपला लपवायचा, हे मला जमणार नाही म्हणाली. नवऱ्याचीही संमती घेतली. म्हणून तर मी तिलाच कायम ठेवलं. तुमचा फोन आल्याची मला नोंद करावी लागेल. आणि तिलाही कळवावं लागेल."

एर्लिंदा तिथंच भिंतीला टेकून राहिली. घंटा झाली, मुलं आत गेली, तरी तिला हलता येईना. लाज वाटत होतीच. पण लाजेच्याही खाली आणखी एक कळ होती, ती तिला जास्त झोंबली. हा मोठेपणाही तिनंच घेतला. मला उरलं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोमितिला कचेरीत आली. केसांवर पॅकिंगची टोपी तशीच. कचेरीत दोघीच होत्या. ती खुर्चीवर बसली नाही.

"त्या मेकॅनिकला सोडलं तर जाळीची गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती," ती म्हणाली. "मला, माझ्या नवऱ्याला आणि तुला. वकीलबाईंना मी सांगितली. आता त्यांना ती दुसऱ्यांदा कशी कळली, तेवढं मला समजावून सांग."

"मला वाटलं, तू कोर्टात अडचणीत येशील..."

"खोटं बोलू नकोस. एवढं तरी नको."

एर्लिंदानं टेबलावरची टाचण्यांची डबी उगाच इकडची तिकडं केली. "एकवीस वर्षं," ती म्हणाली. "एकवीस वर्षं मी हे केलं, दोमितिला. तू कॉफी ओतायला आली होतीस."

"कॉफी ओतायला तूच बोलावलं होतंस." दोमितिलाचा आवाज चढला. "तुला काय हवं होतं गं? माझ्या पोरीचा दमा हवा होता? घे ना! फाइलीसकट घे. तुझ्या नायेलीची फुप्फुसं दे मला. सहा मैल पळणारी. आत्ता, या टेबलावर अदलाबदल करू. बोल!"

तेवढ्यात एक बाई मुलाचा वर्ग विचारत आत आली, आणि दोमितिला निघून गेली.

त्या नाताळात एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दोघींनी मक्याच्या पानात वाफवायचे तामाले आपापल्या घरी केले. एर्लिंदाला एकटीला एवढी मक्याची पानं भिजवायची सवय नव्हती. निम्मं पीठ वाया गेलं. नायेली चार दिवस आली होती. "मावशीकडं नाही जायचं?" तिनं विचारलं. एर्लिंदानं सगळं सांगून टाकलं. नायेली म्हणाली, "आई, मी बरी झाले याचं तुला वाईट वाटलं?"

"नाही गं!" एर्लिंदा म्हणाली. मग म्हणाली, "एक दिवस वाटलं. एकच दिवस." आणि लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

फेब्रुवारीत दोमितिलाचा फोन आला. कसंय, काय, काही नाही.

"केंद्राच्या वकिलांना मला समोरासमोर प्रश्न विचारायचेत. मंगळवारी, फ्रेझ्नोला. एलिओदोरो येत नाही म्हणतो, वॉशिंग्टनवाल्यांनी ट्रकचं काढलं तर त्याला तिथं बसून ऐकणं सहन होणार नाही. मला हायवेवर गाडी चालवता येत नाही, तुला ठाऊक आहे."

"किती वाजता निघायचं?" एर्लिंदानं विचारलं.

तिनं रजा टाकली. निशाण लावायचं काम शिपायाला सांगितलं. वाटेत दोघी फारसं बोलल्या नाहीत. दोमितिला ओठातल्या ओठात उत्तरं घोकत होती. दोन्ही बाजूंनी ट्रक सुसाट जात होते आणि दर वेळी दोमितिला सवयीनं काच वर आहे ना ते बघत होती.

फ्रेझ्नोच्या त्या इमारतीत एर्लिंदाला दाराबाहेरच थांबवलं. बाकावर बसून राहिली. आत सहा वकील, टंकलेखिका, दुभाषी आणि मधोमध तिची कोमाद्रे. काचेतून फक्त तिची पाठ दिसत होती. एर्लिंदाला वाटलं, माझी पाठ अशी वाकली नसती. मी सरळ बसले असते. प्रत्येक तारीख मला तोंडपाठ आहे. मग दोमितिलानं पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा तिचा हात लटलट कापताना दिसला, आणि एर्लिंदा उठून काचेपाशी गेली. आत जायची परवानगी नव्हती. ती तिथंच उभी राहिली, निदान वळून बघितलं तर दिसावी म्हणून. दोमितिलानं वळून बघितलं नाही.

चार तासांनी दार उघडलं. तालीनबाई "फार छान केलंत" म्हणत तिचा हात दाबून परत आत गेल्या. निकाल लागायला वर्ष तरी जाईल, असंही म्हणाल्या.

दोमितिला गाडीत बसली आणि तिनं चपला काढून टाकल्या.

"चार तास," ती म्हणाली. "त्यातले तीन तास एलिओदोरोच्या ट्रकचे. कुठल्या गॅरेजमध्ये, कुठल्या वर्षी, धूर किती काळा. एकजण म्हणतो, मग तुमच्या मुलीचा दमा तुमच्या नवऱ्यामुळंच नाही का? मी म्हटलं, त्याच्यामुळंही आहे. हायवेवर असे हजार नवरे आहेत, त्यांचं काय करणार ते सांगा."

"असं म्हणालीस?"

"म्हणाले. मग तो कागद चाळत बसला."

"आणि इत्सेलबद्दल?"

"वय विचारलं. बाकी काही नाही."

एर्लिंदानं गाडी चालू केली, पण गिअर टाकला नाही.

"मी बाहेर बसून जळत होते," ती म्हणाली. "तुझा हात कापायला लागला तेव्हा थांबलं. पण तू हे हजार नवऱ्यांचं सांगितलंस आणि परत सुरू झालं. मला सुचलं नसतं ते."

दोमितिलानं डोकं मागं टेकलं. डोळे मिटले.

"मला काय माहीत नाही होय?" ती म्हणाली. "तुझा तो फोन मी अजून विसरलेले नाही. आज तुझ्याशी भांडायचं त्राण नाही, एवढंच. चल आता. सेल्मा गाव यायच्या आधी कुठंतरी खायला थांबव, सकाळपासून पोटात काही नाही."

एर्लिंदानं गाडी रस्त्यावर घेतली.