कॉलरीत गेलेली उत्तरं

मी एक जुनं पुस्तक आहे. विषय भौतिकशास्त्र, पण घाबरू नका मित्रांनो, मी गोष्टीवेल्हाळ जातीचं आहे. माझ्या मुखपृष्ठावर विजेचा दिवा दात काढून हसतो. का हसतो, ते मलाही कधी कळलं नाही. छापखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, माझ्यावर वाचकांच्या उड्या पडतील. पडलो मात्र मीच, एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतून, शिवणकामाच्या दुकानात. बाई शिवलेला ड्रेस घेऊन गेल्या आणि मला विसरल्या.

दुकानाच्या मालकिणीला माझा कागद भलताच आवडला. "जाड आहे, दुमडत नाही," अशी माझी स्तुती झाली. आयुष्यातली पहिलीच, म्हणून मी फुगलो. तोच तिने माझी शेवटची पानं टराटरा फाडून त्यांचे कॉलरीचे साचे कापले. त्या पानांवर माझ्या सगळ्या कोड्यांची उत्तरं होती. उरलासुरला मी कात्रीशेजारी पडून राहिलो. पुढचा नंबर बाह्यांच्या साच्यांचा आहे, हे तिच्या नजरेवरूनच कळत होतं. खरं सांगतो, मला फार भीती वाटायची.

मालकिणीच्या सासूबाई दुकानात बसून बटणं लावत. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून एका दुपारी त्यांनी मला उघडलं. कोडं निघालं: डोक्यापासून पायापर्यंत दिसायला आरसा किती उंच हवा? उत्तरासाठी पानं उलटली, तर थेट पुठ्ठाच लागला.

"उत्तर कुठंय गं?"

"कॉलरीत गेलं, आई. आणि त्यात विचारायचं काय? आपल्या उंचीएवढा हवा. छोटा असला तर जरा मागे सरकायचं."

सासूबाईंना ते पटलं नाही. सुनेचं काहीच त्यांना सहसा पटत नसे. त्यांनी तिला मोठ्या आरशासमोर उभं केलं. तिला डोकं कुठे दिसतं, पावलं कुठे दिसतात, ते विचारून आरशावर खडूने रेघा मारल्या. टेप लावली, तर दोन रेघांतलं अंतर सुनेच्या उंचीच्या बरोबर निम्मं. मग तिला मागे सरकायला सांगितलं. ती सरकत सरकत शिलाई मशीनला जाऊन धडकली, तरी पावलं आपली त्याच रेघेवर. तुम्हीच रेघ हलवलीत, असा तिने सासूबाईंवर आळ घेतला. मग सासूबाईंना उभं करून पुन्हा मोजलं. पुन्हा निम्मंच. या गडबडीत इस्त्रीखाली एक बाही करपली, तिकडे दोघींचं लक्षही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाह्यांचं काम आलं. मालकिणीने कात्री उचलली, मला उघडलं. मी जगण्याची आशा सोडली. पण तिची नजर पानावर अडली. तिथे लिहिलं होतं: खूप तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच आटत नाही, नाचत राहतो. असं का?

"कापतेस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबा हो आई. आधी तवा तापवते."

बाह्यांचे साचे शेवटी एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून केले. मित्रांनो, पुस्तकं फाडू नका. पण हात शिवशिवलेच, तर एवढं ऐका: सुरुवात उत्तरांपासून करा.