ही गाडी गुलाबी आहे

प्रानोम गाडीखाली शिरली तशा चाम्रातकाकांच्या कोंबड्या कलकलाट करत पळाल्या, आणि मग तिचे बाहेर राहिलेले पाय बघायला एकेक करून परत आल्या. ती पाठीवर झोपून पान्याच्या दांड्याने चासीवर ठोकत पुढे सरकत होती. टण्. टण्. टण्. आवाज बद्द आला की समजायचं तिथे गंज, असं तिच्या मेकॅनिक भावाने सांगितलं होतं. "वरून काय, सगळ्याच चकचकीत असतात. तू खालून बघ." भाऊ स्वतः काही आला नव्हता. फोनवरचे सल्ले फुकट होते.

"सापडलं का काही?" काका वाकून ओरडले.

"एक अंडं सापडलंय."

"ते गाडीच्या किमतीत धरलेलं नाही हां!"

प्रानोम अंडं घेऊन बाहेर आली, काकांच्या हातात ठेवलं आणि पाठीची माती झटकली. गंज नव्हता. चार ठिकाणी नव्हता, म्हणून तिने पाचव्या ठिकाणीही ठोकून पाहिलं होतं. मुळात ही बाईच अशी, की टरबूज घेतानासुद्धा त्याला दहा प्रश्न विचारील. आणि इथे तर एकोणीस वर्षांची शिल्लक पणाला लागलेली.

एकोणीस वर्षं ती बाजारात दुसऱ्याच्या गाळ्यावर कांदे निवडत होती. वर डोंगरातल्या चार गावांना भाजी-मासळी पोचवणारी घोसाची गाडी एका म्हातारीची होती. पिकअपच्या चारी अंगांना पिशव्याच पिशव्या लटकवलेल्या, म्हणून घोसाची. सोंक्रान या नव्या वर्षाच्या सणानंतर म्हातारीच्या गुडघ्यांनी संप केला आणि गाडी बंद पडली. दोन महिने झाले, वरची माणसं मिठाच्या पुडीसाठी दहा-दहा किलोमीटर खाली उतरत होती. पलीकडच्या तालुक्यातला कोणी एक जण पुढच्या महिन्यापासून तिथे फेरी सुरू करणार, अशी कुणकुण बाजारात होती. म्हणजे या आठवड्यात गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर प्रानोमचे कांदे होतेच निवडायला.

आणि आज ही समोर उभी होती. पांढरी, एकेरी केबिनची, मागे उघडा हौदा असलेली छोटी पिकअप. बारा वर्षांची, पण मीटर बघून प्रानोमने दोनदा डोळे चोळले होते. फक्त एकेचाळीस हजार किलोमीटर.

"काका, बारा वर्षांत एवढीच फिरली?"

"नवी कोरी घेतली मी. बाजार नि मठ, मठ नि बाजार. आता डोळ्यात मोतीबिंदू आला, डॉक्टर म्हणाला चालवायची नाही. ठेवून काय करू? लोणचं घालू?"

उत्तर सरळ होतं. प्रानोमने तरी केबिनमध्ये बसून सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून काढला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गढूळ रेघ राहते. रेघ नव्हती. छताला आतून भिक्खूने उमटवलेले पांढऱ्या गंधाचे ठिपके होते, आरशाला गाडीच्या राखणदारीण देवीची सुकलेली माळ होती. सगळं जिथल्या तिथे होतं.

मग ती उतरून मागे गेली. मागच्या काचेवर ठसठशीत अक्षरांत चिकटवलं होतं: ही गाडी गुलाबी आहे.

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ज्याच्या जन्मवाराला गाडीचा रंग सोसत नाही, तो माणूस काचेवर दुसऱ्या रंगाचं नाव लिहितो आणि ग्रहांची समजूत घालतो. तिच्या गल्लीत 'ही गाडी हिरवी आहे' म्हणणाऱ्या दोन काळ्या गाड्या होत्या. पण प्रानोमची नजर काचेवरून काकांच्या गळ्याकडे गेली आणि तिथेच अडकली. साखळीत नागाच्या फण्याखाली बसलेला बुद्ध होता.

"काका, तुम्ही शनिवारचे ना?"

"शनिवारचा. कसं ओळखलंस?"

"गळ्यात नागाच्या फण्याखालचा बुद्ध आहे की, शनिवारवाल्यांचा. पण शनिवारच्याला वावडं हिरव्याचं. पांढऱ्याशी ज्याचं वाकडं, तो मंगळवारचा. मग हे कोणासाठी?"

"असेल कोणाचंतरी," काका म्हणाले. "तू इंजिन बघितलंस का?"

घरामागच्या ओट्यावर मघापासून कोणीतरी सुरीने खटाखट काहीतरी चिरत होतं. ती खटखट थांबली.

इंजिन बघितलं होतं. प्रानोमने वही उघडली. चार रात्री बसून तिने गाडी कागदावर सजवून ठेवली होती. हौद्यावर पाइपचा सांगाडा, त्याला पिशव्या लटकवायला आकडे, मागे कमानीचे दोन पाटे जादा, कारण भरल्या गाडीने घाट चढायचा, वर ताडपत्री, बर्फाची पेटी, भोंगा. हौद्याची लांबी मोजायला ती टेप घेऊन मागे आली आणि हौदा मागून बंद करणाऱ्या फाळक्यापाशी वाकली. फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यात पोचा होता. पोच्यात लाल-सोनेरी रंगाचे कण होते.

"हे कशाला धडकली?"

"भिंतीला."

प्रानोमने अंगणभर नजर फिरवली. भिंत पांढरी होती. लाल-सोनेरी एकच गोष्ट होती अंगणात: कोपऱ्यात खांबावर उभं असलेलं, जागेच्या राखणदाराचं छोटं देऊळ. त्याच्यापुढे नैवेद्याची लाल सरबताची बाटली, बाटलीत नळी. देऊळ जुनं होतं. खांब मात्र त्याच्यापेक्षा नवा होता.

कधी गप्प बसावं एवढं तिला कळत होतं, फार वेळ जमत नव्हतं इतकंच. तिने फाळका पाडला, हौद्यात चढली आणि टेप लावायला रबराची चटई गुंडाळली.

चटईखाली कोणीतरी लिहून ठेवलं होतं.

पत्र्यावर काळ्या शाईने चौकोन आखलेले होते आणि चौकोनांत अक्षरं. पालेभाजी. मासे, खाली बर्फ. सुकं. हौद्याच्या कडेला हातभर अंतराने फुल्या होत्या, एकूण चौदा. केबिनला लागून असलेल्या चौकोनात लिहिलं होतं: अंडी. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत, इथेच, इथे हादरा कमी.

प्रानोम गुडघ्यांवर बसून राहिली. मग तिने वही उघडून आपलं चित्र बघितलं. आकडे चौदा. बर्फ डावीकडे. अंडी तिने फाळक्यापाशी ठेवली होती, काढायला सोपी म्हणून. आणि पत्र्यावर लिहिणाऱ्याचं बरोबर होतं. डोंगराच्या रस्त्याला फाळक्यापाशी अंडी टिकली नसती.

"काका, हे कोणी लिहिलं?"

काकांनी मान उंच करून बघितल्यासारखं केलं. "आधीच्या मालकाने असेल."

"तुम्ही तर नवी कोरी घेतली होती."

काका कोंबडीकडे बघायला लागले. कोंबडीने त्यांना काही मदत केली नाही.

"मागे अंडी ठेवशील तर दुसऱ्या वळणावर आमलेट होईल," मागून आवाज आला.

काकांच्या बायको, लामायकाकू, ओट्यावरून उतरून आल्या होत्या. बुटक्या, रुंद, हातात सुरी तशीच. त्यांनी प्रानोमच्या वहीत डोकावलं आणि चित्रावर सुरीचं टोक टेकवलं.

"पाइप कशाला? जड होतो. बांबू घे, वाकतो पण मोडत नाही. ताडपत्री दोन्ही बाजूंना खाली कशाला सोडतेस? सकाळी वर जाताना ऊन उजवीकडून येतं, तेवढीच बाजू सोडायची. आणि भोंगा लहान घे. पहिल्याच गावात कुत्री फार, भोंगा वाजला की ती एवढी ओरडतात की माणसाला भाव ऐकू येत नाही."

"काकू, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"माहेर माझं वरचंच. आणि म्हातारीची गाडी वर जाताना बारा वर्षं दारात उभी राहून तिच्याकडून भाजी घेतली मी. ती काय काय चुकते, तेवढंच बघत होते."

चाम्रातकाका खाकरले. "हिला अशी फेरी करायची हौस होती. गाडी घेतली तीच त्यासाठी. आठवडाभर शिकली. मग एक दिवस मागे घेताना..." त्यांनी हनुवटीने देवळाकडे दाखवलं. "राखणदारालाच उडवलं. गावभर झालं. नऊ भिक्खू बोलवून शांत करावं लागलं त्याला. म्हटलं, बास. किल्ली माझ्याकडे."

"आणि राखणदार काय म्हणाला?" प्रानोमने विचारलं.

"तो काय म्हणणार?"

"तेच म्हणते मी," लामायकाकू म्हणाल्या. "तो बारा वर्षांत एक शब्द बोलला नाही. बोलत होतात ते तुम्ही."

प्रानोमचे पैसे कमरेला बांधलेले होते, कागद तयार होते, तोंड मिटून सह्या केल्या असत्या तर तासाभरात गाडी तिची होती. दुसरी अशी गाडी तिला या पैशांत जन्मात मिळाली नसती. पण न विचारता घेतली असती तर रोज सकाळी चटईखालची ती अक्षरं टोचली असती.

"काकू," ती म्हणाली, "गाडी विकायची आहे का तुम्हाला?"

"तिला काय विचारतेस?" काका म्हणाले. "गाडीचं पुस्तक माझ्या नावावर आहे."

"पुस्तक तुमच्या नावावर आहे, काका. पण स्टिकर कोणाच्या नावावर आहे?"

काकूंनी सुरी पदराला पुसतात तशी कमरेच्या कपड्याला पुसली. दोन्ही बाजूंनी, सावकाश.

"विकायची," त्या शेवटी म्हणाल्या. "उभी राहून सडण्यापेक्षा वर तरी जाईल. तू विचारलंस, तेवढं पुरे झालं मला."

सह्या झाल्या. मग गाडीच्या देवीला सांगायचं राहिलं होतं, कारण मालक बदलला हे तिला सांगितल्याशिवाय गाडी दारातून काढत नाहीत. काकांनी उदबत्त्या पेटवल्या, बॉनेटपुढे उभे राहिले, आणि "देवी, आजपासून..." एवढं म्हणून त्यांची गाडीच अडली. लामायकाकूंनी त्यांच्या हातातून उदबत्त्या घेतल्या.

"देवी, ही प्रानोम. चौकस आहे, त्रास देईल, पण हाताची चांगली आहे. वर चार गावं वाट बघतायत. हिला सांभाळ."

नवी माळ आरशाला चढली. काकू मागे गेल्या आणि अंगठ्याच्या नखाने काचेवरचं स्टिकर खरवडायला लागल्या. गुलाबीचा ग निम्मा उचकटला होता, तेवढ्यात प्रानोमने त्यांचा हात धरला.

"राहू द्या ते."

"कशाला? तुझा वार कुठला?"

"बुधवार."

"अगं बाई! मग तर हे ठेवूच नकोस. बुधवारच्याला गुलाबी म्हणजे साडेसातीच!"

"पण गाडी कुठे गुलाबी आहे, काकू? पांढरी तर आहे," प्रानोम म्हणाली. "मला पांढरी चालते. आणि शेजारी मंगळवारचं माणूस बसणार असेल, तर त्याच्यासाठी ती गुलाबी आहेच. लिहिलंय की स्वच्छ."

लामायकाकूंना आधी ते कळलं नाही. मग कळलं. त्यांनी उचकटलेला ग अंगठ्याने दाबून परत बसवला आणि बराच वेळ दाबून धरला.

"पहाटे चारला निघावं लागतं," प्रानोम म्हणाली. "मला सगळ्या घरांची नावंसुद्धा माहीत नाहीत. अर्धं काम तुमचं, तर कमाईतला अर्धा वाटाही तुमचा."

"आणि माझा भात?" काकांनी विचारलं.

"भात शिजवायला मोतीबिंदू आड येत नाही," काकू म्हणाल्या.

प्रानोमने किल्ली पुढे केली. "आता एवढी अंगणातून काढून द्या. माझा हात अजून बसला नाही तिच्यावर."

"मागे घ्यावी लागेल," काकूंचा आवाज बारीक झाला.

"हो. मागेच."

काकूंनी किल्ली घेतली नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. चाम्रातकाका अंगणाच्या कोपऱ्याकडे चालायला लागले. त्यांनी देवळापुढची सरबताची बाटली उचलून बाजूला ठेवली, राखणदाराला हात जोडले, आणि खांबाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, त्याच्या आणि गाडीच्या मधे उभे राहिले.

केबिनचं दार लागलं. इंजिन एकदा आचके देऊन सुरू झालं. गाडी तिथेच थरथरत राहिली, कितीतरी वेळ.

"ये," काका म्हणाले. त्यांना अंधुकच दिसत होतं, पण हात खाली आले नाहीत. "ये मागे. अगं ये की. मी उभा आहे इथे."