नोव्हा स्कॉशियाने सही का केली नाही

चौदा वर्षांत लॅरिसाकडून माझा डबा कधी रिकामा आला नव्हता. मी मोदक पाठवले की त्यातून तिचे वसईचे तळलेले फुगे यायचे, घरात काही नसलं तर निदान मूठभर साखर. इथे आखातात, अल रीम बेटावर आमचे फ्लॅट समोरासमोर, ऑफिसही एकच. आणि काल माझ्या लेकीच्या, शुभ्राच्या हातून डबा आला तो घासूनपुसून, कोरडा ठणठणीत! मला आधी रडू आलं, मग राग.

कारण ठाऊक होतं. मॅनेजर सुट्टीच्या दिवशीही राबवून घेतो, म्हणून लॅरिसाने तक्रारीचं पत्र लिहिलं. सात जणांनी सह्या केल्या, मी नाही. माझ्या नवऱ्याची, सदानंदची नोकरी मार्चमध्येच गेलीय, त्याचा आणि शुभ्राचा व्हिसा आता माझ्या नोकरीवर आहे. पण हे कुणाला कळू नये म्हणून आमचे साहेब रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बाहेर पडतात. मग लॅरिसाला मी काय सांगणार? म्हटलं, "अगं, तसा वाईट नाही गं तो." गाढवपणा, दुसरं काय!

तेवढ्यात शुभ्राने शाळेचं प्रोजेक्ट पुढे केलं. अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्लंडच्या राजावर उलटल्या, शेजारची नोव्हा स्कॉशिया मात्र राजाकडेच राहिली. "व्हाय, आई?"

"खाल्ल्या मिठाला जागली असेल."

"नो! रीड दिस."

वाचायला बसले आणि भाजी करपली तरी उठवेना. राजाचं आरमार त्यांच्याच बंदरात उभं. आणि गंमत म्हणजे तिथले कितीतरी लोक मुळात बंडखोरांच्याच मुलुखातून आलेले! एका गावाने तर सरकारला लिहिलं, आमचे आईबाप, भावंडं तिकडे आहेत, आम्हाला या भांडणात ओढू नका.

"म्हणजे राजावर प्रेमबिम काही नव्हतंच!" मी म्हटलं.

शुभ्राने पेन्सिल चावत विचारलं, "बट डिड दे टेल देअर ब्रदर्स दॅट?"

मी उठले, डब्यात शंकरपाळी भरली आणि समोरची बेल वाजवली.

लॅरिसाने दार उघडलं, पण 'आत ये' म्हणाली नाही.

"सदानंदला नोकरी नाही," मी एका दमात सांगून टाकलं. "मार्चपासून. मी घाबरले गं, म्हणून सही नाही केली. तो मॅनेजर मला मुळीच आवडत नाही."

"अगं, पण तो रोज जातो ना ऑफिसला?"

"खाली मॉलमध्ये बसतो."

ती भडकली, "मूर्ख कुठली! मला वाटलं, तू त्या माणसाच्या बाजूची झालीस. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही मला. सही गेली खड्ड्यात, हे आधी का नाही सांगितलंस?"

माझ्या हातातून डबा हिसकावून ती स्वयंपाकघरात गेली. कपाटं उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले. बाहेर आली तेव्हाही चेहरा तसाच फुगलेला होता.

"आज घरात काहीच नाही," ती म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. आत मूठभर साखर होती.